कप्तानाचा फाटका कोट

नवा कोरा कपडा दिसला की तिचे हात शिवशिवायचे. कडक इस्त्रीचा शर्ट घालून कुणी समोर आलं, तर बाकीचे म्हणणार, वा, काय रुबाब आहे! हिच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललेलं असायचं. याची कॉलर आधी मळेल की बाही? कोपर आधी झिजेल की खिशाचा कोपरा? तिचा धंदाच तो होता. सिनेमासाठी शिवलेले नवे कपडे जुने करून देणं. शिंप्यानं जीव ओतून शिवलेला अंगरखा तिच्या टेबलावर यायचा, आणि तिथून परत जायचा तेव्हा खुद्द शिंपीही तो ओळखायचा नाही. एकदोन शिंप्यांनी तर तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

स्टुडिओत तिला चिंधीताई म्हणत. सुरुवातीला पाठीमागे म्हणायचे, मग हळूहळू तोंडावर म्हणायला लागले. तिला त्याचं काही वाटलं नाही. उलट एका दुपारी तिनं ब्रश घेतला आणि आपल्या शेडच्या दारावर ते नाव स्वतःच रंगवून टाकलं. आता चिडवणार तरी कोण?

त्या शेडमध्ये शिवणाचं सामान औषधालाही सापडलं नसतं. होते ते तारेचे ब्रश, सँडपेपर, टाचा घासायचे दगड, एक मोठी किसणी, चहाच्या काळ्या पाण्याच्या बादल्या, मेण, तेल, आणि बरण्यांमध्ये भरून ठेवलेली नाना रंगांची धूळ. पाहुणे यायचे, बरण्या बघून विचारायचे, हे मसाले कसले? ती सांगायची, "वास घेऊन बघा." एकदा वास घेतलेला माणूस पुन्हा तिथे फिरकत नसे.

पण तिचं खरं कसब शेडमध्ये नव्हतं. तिचं म्हणणं होतं की किसणीनं घासलेलं कोपर किसणीनं घासल्यासारखंच दिसतं. कपडा जुना व्हायला तो कुणीतरी वापरावा लागतो. म्हणून सगळं घासून-मळवून झालं की ती तो कपडा घरी न्यायची आणि अंगात घालून घरकाम करायची. सेनापतीचा डगला घालून तिनं फरशी पुसली होती. खलाशाच्या विजारीत कणीक मळली होती. एकदा तर जन्मठेपेच्या कैद्याचे कपडे घालून ती दूध आणायला खाली उतरली, तेव्हा समोरच्या बाईंनी दार लावून आतून कडी घातली. नंतर बरेच दिवस त्या बाई जिन्यात भेटल्या की अंग चोरून जायच्या.

या खेपेचं काम मोठं होतं. वाळूखालून चालणाऱ्या नावेची ती जुनी कादंबरी सगळ्यांनी शाळेत असताना वाचलेली. निदान वाचली असं सांगणारे तरी सगळेच. वाळवंटाच्या पोटात गडप झालेली एक नदी शोधायला एक हट्टी कप्तान लोखंडी नाव बांधतो आणि वाळूत बुडी मारतो. मग पानोपानी काचेच्या गुहा, आंधळे मासे, जमिनीखालची वादळं, खलाशांची बंडं. शेवटी कित्येक वर्षांनी तो एकटाच परत येतो आणि आपल्याच घराचं दार ठोठावतो. दार उघडते ती त्याची मुलगी. तो निघाला तेव्हा ती एवढीशी होती, त्यामुळे आता ती त्याला ओळखत नाही. मग तिचं लक्ष कोटाकडे जातं. निघण्याच्या दिवशी त्यानं तिला ज्या खांद्यावर बसवलं होतं, तो नव्या कोटाचा खांदा आता फाटलेला असतो. ती त्या भोकात बोट घालते, आणि तसंच बोट अडकवून त्याला घरात ओढून घेते. हे वाचताना ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तो कादंबरी वाचल्याची थाप मारतोय असं खुशाल समजावं.

दिग्दर्शकानं पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं, "नाव थोडी लहान-मोठी झाली तर लोक मला माफ करतील. वादळं कॉम्प्युटरवर केलीत हे त्यांना कळणारच आहे. पण तो खांदा चुकला ना, तर थिएटरबाहेर मला मारतील." असं म्हणून त्यानं चिंधीताईकडे बघितलं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या हाताखाली घासत होती. या सिनेमात जुने करायचे झाडून सगळे कपडे पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या भरवशावर होते.

कप्तानाचे कोट तीन शिवले होते. एक नवा, एक अर्धा झिजलेला आणि एक शेवटचा. कापड जाड सुती, खास विणून घेतलेलं, आणि तीन कोटांतच ते संपलं. शेवटच्या कोटावर तिनं जीव टाकला होता. खांद्यावरचं भोक, उजव्या बाहीचा लांब ओरखडा, कमरेजवळ गंजक्या खिळ्यात अडकून निघालेली खोप, आतल्या खिशाचं फाटलेलं तोंड. महिनाभर तो कोट घालून तिनं केर काढला, भांडी घासली, गॅसवाल्याशी भांडली. शेवटच्या दृश्याचा पहिला अर्धा भाग चित्रित झाला तेव्हा त्या कोटात कप्तान दारापर्यंत चालत आला, त्यानं दारावर थाप मारायला हात उचलला, आणि तिथे दिग्दर्शक 'कट' म्हणाला. दार उघडण्याचं उरलेलं दृश्य पुढे व्हायचं होतं, कारण मुलीचं काम करणाऱ्या नटीकडे रिकामा दिवस एकच होता. त्यानंतर ती परदेशी जाणार होती.

मधल्या काळात चिंधीताईला खलाशांचे कपडे घेऊन बाहेरगावी, वाळूच्या चित्रणाला जावं लागलं. कोट ठेवायचा कुठे? स्टुडिओच्या गोदामावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिथल्या गोदामवाल्यानं एकदा भिकाऱ्याचा पोशाख मळका दिसतोय म्हणून प्रामाणिकपणे लाँड्रीत पाठवला होता. त्यापेक्षा आपलं घर बरं, असा विचार करून तिनं कोट घरी आणला, आपल्या खोलीच्या दारामागे टांगला आणि निश्चिंत मनानं गावाला गेली.

घरी आई होती.

आई रफूवाली. उभं आयुष्य तिनं एका लाँड्रीच्या खिडकीशी बसून रफू करण्यात घालवलं. सिगारेटनं पडलेली भोकं, खिळ्यानं निघालेल्या खोपा, कसरीनं खाल्लेल्या शाली, जे येईल ते ती असं सांधायची की घेऊन जाणारा कपडा उलटासुलटा करून बघत राही. त्या खिडकीखालच्या फळीवर बसून चिंधीताई लहानाची मोठी झाली. स्टुडिओतल्या कपडेप्रमुखांना हे कळलं, तेव्हा ते पोट धरून हसले होते. "म्हणजे आई सांधते आणि लेक फाडते? चांगलं घर चालवलंय तुम्ही!" त्यांना सगळे साहेब म्हणत. माणूस मनानं वाईट नव्हता, पण स्वतःच्या विनोदावर स्वतःच जास्त हसायचा.

आईला मात्र लेक नेमकं काय करते ते ठाऊक नव्हतं. फोनवर लेक म्हणायची, "सिनेमाचे कपडे तयार करते," आणि आई शेजारणींना सांगायची, राण्यांचे पोशाख करते माझी मुलगी, जरीबिरीचे. लेकीनं ते कधी दुरुस्त केलं नाही. रफूवाल्या आईला कुठल्या तोंडानं सांगायचं, की मी धडधाकट कापडाला भोकं पाडते म्हणून?

मग आईचे डोळे गेले. एक पुरताच गेला, दुसऱ्याला चांगल्या उजेडात भिंगातून जेमतेम दिसायचं. डॉक्टरांनी सुई बंद करायला सांगितलं. लेक जाऊन तिला घेऊन आली. आई आता दिवसभर खिडकीत बसायची, आणि तिची बोटं टेबलावरच्या कापडाच्या काठावरून फिरत राहायची. लेकीला ते बघवायचं नाही. पण करणार काय? ती कामाला निघून जायची.

वाळूच्या चित्रणाहून ती सकाळी परत आली. दुसऱ्या दिवशी दुपारी दाराचं दृश्य होतं. आईनं दार उघडलं ते हसतच. किती तरी दिवसांत आई अशी हसली नव्हती. तिचा बरा डोळा लालबुंद झाला होता, पण चेहऱ्यावर एखाद्या पोरीचा खट्याळपणा.

"हातपाय धू आधी," आई म्हणाली. "मग एक गंमत दाखवते."

गंमत खिडकीजवळ हँगरला टांगलेली होती. स्वच्छ धुतलेला, इस्त्री केलेला कप्तानाचा कोट.

महिनाभराची धूळ, तेल, घामाचे पांढरे डाग, सगळं गेलं होतं. पण चिंधीताई धावली ती खांद्याकडे. खांद्यावर भोक नव्हतं. तिनं बाही उजेडात धरली. ओरखडा नव्हता. कमरेपाशी हात फिरवला, आतला खिसा उलटा केला. कापड सरळ, सपाट, अखंड.

"शोध बघू कुठे फाटला होता," आई म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, अगदी आनंदानं.

लेकीला सापडेना. ती स्वतः त्या कोटाची एकेक दशी ओळखत होती, तरी सापडेना.

"धागा बाहेरचा नाही घेतला," आई सांगत होती. "शिवणीच्या आत जादा कापडाची माया सोडली होती शिंप्यानं, तिच्यातलाच एकेक धागा ओढून काढला. तू गेल्यापासून रोज ऊन आलं की बसत होते. डॉक्टरला सांगू नकोस. मला दिसत नाही का गं? तू तो लक्तरासारखा कोट घालून केर काढतेस, स्वयंपाक करतेस. दुसरं काही घ्यायला जमत नसेल तुला. माझ्या डोळ्यांपायी सगळं जातंय, हे कळतं मला. पण चांगलं कापड आहे हो. आता चारचौघांत घालून जा. कुणाची बिशाद आहे नाव ठेवायची!"

लेक आईला बिलगली आणि म्हणाली, "फार सुंदर झालंय." ते खरंच होतं. मग कोट घडी घालून पिशवीत भरला, कामाला जाऊन येते म्हणाली, आणि जिना उतरली.

शेडमधून तिनं साहेबांना फोन केला.

"साहेब, घोटाळा झालाय. कप्तानाचा कोट धुतला गेला. आणि रफू झालंय."

साहेब म्हणाले, "गोदामवाला?"

"नाही. घरी झालं. चूक माझी आहे."

"उसवा मग. ब्लेड घ्या आणि उसवा. त्या पोरीचा उद्याचाच दिवस आहे, चिंधीताई. ती विमानात बसली की आपण संपलो. उद्या दुपारी मला तो खांदा जसाच्या तसा पाहिजे, फोटोशी ताडून बघणार आहे मी."

"मिळेल," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मिळेल म्हणाली खरी.

तिनं कोट टेबलावर पसरला, दिवा जवळ ओढला, ब्लेड हातात घेतलं. आयुष्यात तिनं किती कपडे फाडले असतील त्याला गणती नव्हती. पण आता हात पुढे जाईना. एक तर कुठे लावायचं ब्लेड? भोक नेमकं कुठून सुरू होत होतं ते डोळ्यांना दिसतच नव्हतं. अंदाजानं कापलं तर जुन्या दशा कापल्या जाणार, आणि नवीन भोक फोटोतल्या भोकाशी जन्मात जुळणार नाही. आणि दुसरं म्हणजे, हे आईचं काम होतं. एका लालभडक डोळ्यानं, भिंगातून, ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत केलेलं. यापुढे आईच्या हातून असं काही होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. ती ब्लेड हातात धरून बसली आणि तिला रडू फुटलं. रडून घेतलं तिनं. मग नाक पुसलं, ब्लेड खोक्यात टाकलं, कोट पुन्हा पिशवीत भरला आणि तडक घरी निघाली. खोटं बोलून हे काम व्हायचं नव्हतं, आणि काम तर व्हायलाच हवं होतं.

आई खिडकीतच होती. लेकीनं तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. राण्यांचे पोशाख कधीच केले नाहीत, हे सांगितलं. किसणी सांगितली, धुळीच्या बरण्या सांगितल्या. कप्तान, नाव, ते दार, ती मुलगी, ते बोट. उद्याची दुपार. साहेबांनी ब्लेड घ्यायला सांगितलं तेही.

आईनं सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा आधी पडला, मग कोरा झाला. बोटं मांडीवर गप्प पडून होती.

"म्हणजे तू मुद्दाम फाडतेस," शेवटी आई म्हणाली.

"हो."

"चांगलं कापड."

"हो, आई."

"आणि त्या कप्तानाला एवढ्या वर्षांत सुई धरता येऊ नये? वाळूच्या खाली नाव चालवतो म्हणे, आणि एक खोप शिवता येत नाही! नावेत एवढे गडी होते, करत काय होते सगळे?"

"बंड करत होते."

"तेच ते. हातांना काम नसलं की बंडंच सुचतात."

लेकीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. आईला ते दिसलं नाही, पण कळलं. तिनं हात पुढे केला. "आण इकडे."

"आई, मी दुसरं काही तरी बघते. मी..."

"दुसरं काय बघणार आहेस? दुसरं कापड नाही म्हणालीस ना? ब्लेड लावलंस तर सत्यानाश करशील. मी जुनी एकही दशी कापलेली नाही. सगळ्या आत निजवल्यात आणि त्यांच्यावरून विणलंय. माझा धागा तेवढा काढला की तुझं भोक होतं तसं उठून उभं राहील. पण तो धागा माझ्या बोटांनाच सापडेल. उसवायचं तर मीच उसवीन. चल, माझा चिमटा दे, आणि बारीक सुई. ऊन आहे तोवर."

लेकीनं चिमटा दिला. आईनं भिंग घेतलं, पण लगेच बाजूला ठेवलं. डोळे मिटून ती खांद्यावरून अंगठा फिरवू लागली, अगदी हळू. एका जागी अंगठा थांबला. सुईचं टोक तिथे आत गेलं, वर आलं, आणि त्याच्यावर चढून आला केसाएवढा एक धागा. आईनं तो चिमट्यात धरला आणि एका दमात लांबवर ओढून काढला. कापड किंचित उसासलं, आणि एक जुनी, वाकडी दशी बाहेर डोकावली.

"हीच ना तुझी?"

"हीच."

"कशानं काढलीस ही?"

"आधी ब्लेडनं, मग तारेच्या ब्रशनं, मग दातांनी."

"दातांनी!" आईनं कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी म्हणतेय, असं कसं हे भोक, कुत्र्यानं ओढल्यासारखं. ह्या भोकानं फार छळलं मला. त्याच्यापायी तर अख्खी एक सकाळ गेली."

अशी दुपारभर ती उसवत राहिली. ऊन सरकलं की लेक खुर्ची सरकवायची. काढलेला प्रत्येक धागा आई टेबलाच्या कडेला ठेवत गेली, आणि तो काढताना कसा घातला होता ते सांगत गेली. इथे ताण धरवेना, इथे डोळ्यातून पाणी यायला लागलं, इथे दोनदा चुकलं. तक्रार म्हणून नाही, कामाच्या गप्पा म्हणून. दोघींच्या जन्मात कामाबद्दल असं बोलणं पहिल्यांदाच होत होतं. लेक कान देऊन ऐकत होती, कारण अशी माहिती दुसरं कोण देणार?

खांदा झाला. बाही झाली. कमरेची खोप उघडली. राहिला आतला खिसा. तोवर ऊन खिडकीच्या चौकटीवर चढलं होतं.

"आई, खिसा राहू दे," लेक पटकन म्हणाली. "तो आतून आहे. कॅमेऱ्यात कधीच दिसत नाही. तेवढं तुझं राहू दे."

आईचा अंगठा खिशाच्या तोंडावर थांबला. लेकीला वाटलं, ऐकलं हिनं. तिला ते फार हवं होतं.

"फोटोत आहे का फाटलेला?"

"आतला फोटो कोण बघतंय?"

"तो कप्तान हात घालेल ना त्यात? त्याला कळेल. उद्या त्या पोरीसमोर उभा राहील आणि हाताला लागेल धड खिसा." आईनं सुई आत घातली. "अर्धं काम करायला शिकवलं होतं का मी तुला? फाटका हवाय ना? मग फाटका."

आणि तिनं तो शेवटचा धागाही ओढून काढला.

पुढचं काम लेकीचं. सकाळी उजाडताच तिनं शेडमधून आणलेल्या बरण्या घरात मांडल्या, कोटाचे जुने फोटो भिंतीवर लावले आणि कंबर कसली. कॉलरीवर मेण, पाठीवर तेलाचा हात, काखेत मिठाचं पाणी, मग पिवळी धूळ, तिच्यावर करडी धूळ. डाग हुबेहूब बसत होते, पण सुरकुत्या बसेनात. इस्त्रीनं कोट पुठ्ठ्यासारखा झाला होता, आणि महिनाभर घालून फिरायला आता महिना कुठे होता! ओला करून अंगावरच वाळवायला हवा होता. पण तो अंगात घालून स्वतःच त्याच्यावर ब्रश कसा चालवायचा?

"मला घाल," आई म्हणाली.

"आई, ओला आहे तो. घाण आहे."

"घाल म्हणते ना."

मग आईनं कप्तानाचा कोट चढवला. तो तिच्या गुडघ्याखाली आला, बाह्यांतून बोटंही दिसेनात. लेक म्हणेल तशी ती वाकली, बसली, हात दुमडले, भिंतीला खांदा घासला, कोपरं टेबलावर रेटली. लेक ब्रश घेऊन तिच्याभोवती फिरत होती. "आता केर काढ थोडा," लेक म्हणाली, आणि आईनं खरोखरच केरसुणी घेतली. "आयुष्यभर ज्या झिजेशी भांडले, तिचीच चाकरी करायला लावलीस," ती पुटपुटली. पण केर मात्र झटून काढला. दुपारच्या आत कोट वाळला, तेव्हा कोपरांच्या चुण्या फोटोतल्यासारख्या पडल्या होत्या.

आई म्हणाली, मी येणार. लेकीनंही नाही म्हटलं नाही.

स्टुडिओत तिला दाराच्या देखाव्यामागे खुर्ची दिली. कप्तानाचं काम करणारा नट कोट चढवून आला, खिशात हात घातला, खांदे पाडले, आणि एकदम दमलेला दिसायला लागला. आईला तो नुसता एक करडा ठिपका दिसत असणार.

"कसा दिसतोय?" तिनं लेकीच्या कानात विचारलं.

"अगदी भिकारी."

"मग बरं झालं."

दार उघडलं. नटी कप्तानाकडे परक्यासारखी बघत राहिली. मग तिनं खांद्याच्या भोकात बोट अडकवलं. दिग्दर्शक 'कट' म्हणाला ते इतकं हळू, की दिवेवाल्यांना पुन्हा विचारावं लागलं.

साहेब पडद्यावर दोन चित्रं शेजारीशेजारी लावून बसले होते, दारावर थाप मारायला हात उचलतानाचं आणि आजचं. ती दोन्ही त्यांनी मोठी करकरून बघितली, चष्मा पुसून परत बघितली. मग उठून आले.

"चिंधीताई, उगाच घाबरवलंत की मला. ह्या कोटाला तर काहीच झालेलं नाही."

"आईनं केलंय," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. आजूबाजूचे वळून बघायला लागले, तरी ती थांबली नाही. "हे माझं काम नाही. माझी आई आहे ही. रफूही तिनंच केलं होतं आणि उसवलंही तिनंच."

साहेबांनी कोट हातात घेतला. खांदा बघितला, बाही बघितली, कमर बघितली, खिसा उलटा करून बघितला.

"कुठलं रफू?" त्यांनी विचारलं.

"मलाही सापडलं नव्हतं," चिंधीताई म्हणाली, आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागली.

साहेब बावचळले. कोट तसाच धरून ते कधी तिच्याकडे, कधी खुर्चीतल्या म्हातारीकडे बघत राहिले. आईनं आवाजाच्या रोखानं मान वर केली, आणि अगदी शांतपणे, कुणाचीही भीड न ठेवता सांगितलं, "फार सुरेख झालं होतं हो ते."